गाजराची पुंगी

व्हिएन्नात एक ऑर्केस्ट्रा आहे, भाज्यांचा. म्हणजे भाज्या वाजवणाऱ्या लोकांचा. १९९८ पासून हे लोक कार्यक्रम करतायत, आणि पद्धत अशी की ज्या दिवशी कार्यक्रम त्याच दिवशी बाजारातून ताजी भाजी आणायची, मग बसून गाजराला ड्रिलने आरपार भोक पाडायचं, कडेने बोटांसाठी छोटी भोकं, की झाली बासरी. भोपळ्याचा ढोल. लीक म्हणून ती कांद्याच्या पातीची जाडजूड बहीण असते ना, तिचे दांडे घासून व्हायोलिन म्हणावं असं काहीतरी किरकिरं. आणि हे सगळं स्टेजवर, माइक लावून, अगदी गंभीर चेहऱ्याने. कार्यक्रम संपला की प्रेक्षकांना भाज्यांचं गरम सूप.

मी पहिल्यांदा त्यांचा व्हिडिओ बघितला तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली, आणि मग डोक्यात आलं की अरे, ही तर आपली गाजराची पुंगी! वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. ही म्हण आपण ज्या उद्योगात फारसं काही पणाला लावलेलं नसतं त्याच्यासाठी वापरतो, थोडं हिणवूनच. पण ह्या लोकांनी म्हणीतलं ते ‘नाहीतर’ काढून टाकलंय. वाजली तरी खायचीच. खाणं हे पुंगी न वाजल्याचं सांत्वन नाहीये, तो कार्यक्रमाचाच शेवटचा भाग आहे.

तेव्हापासून खाण्याच्या वस्तूंपासून काहीतरी घडवणारे लोक मी जरा लक्ष देऊन बघायला लागले, आणि बघता बघता माझी एक कसोटीच तयार झाली, की ह्या पुंगीत ‘मोडून खाल्ली’ हा भाग कुठे आहे? कोण खातंय? का कोणीच खात नाहीये? ह्या एका प्रश्नावर मला काही गोष्टी फार आवडतात आणि काही अजिबात नाही, आणि माझी मतं जरा ठाम आहेत ह्याबाबतीत, तेव्हा आधीच सांगून ठेवते.

तर पहिलं म्हणजे चेहरे. भोपळी मिरची उभी चिरून बघा, दर चार मिरच्यांत एखादी तरी अशी निघते की आतून कोणीतरी बोंब मारतंय. बियांचा गुच्छ म्हणजे वासलेला जबडा, पांढऱ्या शिरा म्हणजे आक्रसलेले गाल. आपल्या मेंदूला चेहऱ्यांचं वेडच आहे, दोन ठिपके आणि खाली एक रेघ एवढ्यावर त्याचं काम भागतं. त्यामुळे भाजीपासून चेहरा करणं हा सगळ्यात सोपा खेळ, लहान मूल ताटलीत काकडीचे डोळे ठेवतं तेव्हाच कळतं की हे कोणी शिकवावं लागत नाही.

हाच सोपा खेळ सोळाव्या शतकात जुझेप्पे आर्चिंबोल्दो नावाच्या इटालियन चित्रकाराने कुठच्या कुठे नेऊन ठेवला. हा हाब्सबुर्ग ह्या युरोपातल्या राजघराण्याच्या दरबाराचा चित्रकार, साधीसुधी पोर्ट्रेटं करायची नोकरी, आणि ह्या पठ्ठ्याने १५९०-९१ च्या सुमाराला चक्क सम्राट रुडॉल्फ दुसरा ह्याचं पोर्ट्रेट फळाफुलांचं आणि भाज्यांचं केलं. सम्राट चिडला नाही, उलट खूश झाला म्हणे. पण मला त्याहून आवडतं ते त्याचं क्रेमोनाच्या म्युझियममध्ये असलेलं छोटं चित्र. सरळ बघितलं तर काळ्या वाडग्यात रचलेल्या भाज्या, कांदा, मुळे, पालेभाज्या, काही विशेष नाही. उलटं धरलं की वाडगं होतं टोपी, कांद्याचा होतो फुगलेला गाल आणि एक टपोऱ्या गालांचा, थोडासा चावट म्हातारा आपल्याकडे बघायला लागतो. हे अर्थात रंगवलेलं आहे, खरी भाजी नव्हे, पण खरी भाजी मांडून खेळणारे आजचे सगळे लोक ह्याचीच पिलावळ.

त्या चित्रात गंमत कशी आहे बघा, म्हातारा दिसायला लागला तरी कांदा कांदाच राहतो. डोळा मागेपुढे होत राहतो, आत्ता गाल, आत्ता कांदा, आत्ता परत गाल. दोन्ही एकदम दिसत नाहीत आणि दोन्हीपैकी एकही जात नाही. हे ज्याला जमलं त्याला खाण्याशी खेळणं जमलं.

आणि म्हणूनच मला ते हल्लीचे केक आवडत नाहीत. तुम्ही बघितलेच असतील, रील्सचा पूर आहे नुसता. टेबलावर बूट ठेवलाय, नाडीसकट, सोल जरा झिजलेला, आणि वरून सुरी येते आणि बूट मधोमध कापला जातो, आतून स्पंज आणि क्रीम. मग हँडबॅग, मग टॉयलेट पेपरचा रोल, मग कोणाचा तरी हात (हे बघून मला खरंच मळमळलं). कौशल्य प्रचंड आहे, मान्य, फाँडंट म्हणजे केकवर चढवायचा साखरेचा लगदा, तो लाटून त्याच्यावर चामड्याच्या सुरकुत्या आणणं खायचं काम नाही. पण तिथे सगळी धडपड केक लपवण्याची असते. सुरी लागेपर्यंत केक नाहीच, सुरी लागल्यावर बूट नाहीच. एकदा फसलो, दुसऱ्यांदा बघायचं कारण उरत नाही. आणि तो फाँडंटचा जाड थर खाताना लोक बाजूला काढून ठेवतात हे तर सगळ्यांना माहितीये.

ह्याच्या बरोबर उलटं म्हणजे स्वित्झर्लंडचे कलाकार पीटर फिश्ली आणि डेव्हिड वाइस. १९७९ मध्ये ह्या दोघांनी पहिल्यांदा एकत्र काम केलं ते सॉसेजवर. घरातलंच सामान, सॉसेज, मांसाचे काप, काकडीची लोणची, सिगारेटची थोटकं, आणि त्याचे फोटो. एका फोटोत गालिच्यांचं दुकान आहे. मांसाचे गोल काप एकावर एक रचलेत, ते गालिचे, आणि लोणच्यातल्या छोट्या काकड्या उभ्या आहेत, त्या गिऱ्हाइकं. बस. काहीही लपवलेलं नाही, कापलेल्या मांसाची ती चरबीची नक्षी जशीच्या तशी दिसतेय, आणि तरी तुम्ही शपथेवर सांगाल की ती डावीकडची काकडी भाव जास्त आहे म्हणून नाक मुरडतेय. इतक्या कमी मेहनतीत इतकं दुकान उभं करणं ह्याला मी कला म्हणते, आणि बूट-केकला कसरत.

बरं, काही वेळा तर निम्मं काम भाजीच करते. कांद्याच्या पातीच्या उभ्या बारीक चिरफळ्या करून बर्फाच्या पाण्यात टाका आणि थोडा वेळ दुसरं काहीतरी करा. परत येऊन बघितलं तर सगळ्या गोल वळलेल्या, स्प्रिंगसारख्या. पातीची बाहेरची साल मेणचट आणि ताठ, ती ताणली जात नाही, आतल्या मऊ पेशी मात्र पाणी पिऊन फुगतात, मग ती पट्टी जाणार कुठे, सालीच्या बाजूला वळत जाते. मुळ्याला काप देऊन पाण्यात टाकला की त्याचं फूल उमलतं तेही पेशींच्या ह्याच पाणी पिण्यामुळे. कलिंगडाचंही तसंच, थायलंडमध्ये फळं कोरण्याची कला मोठी मानाची आहे, आणि कलिंगड कोरणाऱ्या माणसाच्या हातात फक्त एक बारीक टोकदार सुरी असते, रंग एकही नाही. वर हिरवं, त्याच्या खाली फिकट हिरवं, मग पांढरं, मग गुलाबी, मग लाल. जेवढं खोल जाल तेवढा रंग गडद. म्हणजे पाकळीचं टोक पांढरं ठेवायचं असेल तर तिथे सुरी उथळ, देठाशी लाली हवी तर तिथे खोल. फळाने थर आधीच रचून ठेवलेत, कुठे थांबायचं एवढं आपण ठरवायचं. आणि जास्त खोल गेलं तर गेलं, कलिंगडाला अन्डू नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त नाद लागला तो लाल कोबीचा. हे सांगायचंच आहे मला, कारण इतका स्वस्तातला आणि इतका वेड लावणारा रंग दुसरा नाही. लाल कोबी म्हणतात पण असतो जांभळा. बारीक चिरायचा, गरम पाण्यात घालून ठेवायचा, पाणी गर्द जांभळं होतं, गाळून घ्यायचं. हा झाला रंग. आता जाड कागदावर ह्या पाण्याने काहीही काढा, मी बहुतेक वेळा नुसतं आकाश काढते कारण मला दुसरं काही धड येत नाही, आणि ओलं असतानाच ब्रश लिंबाच्या रसात बुडवून त्याच्यावर टेकवा. ब्रश टेकतो तिथे जांभळ्याचा गुलाबी होतो, आणि तो गुलाबी पसरत जातो, कडांना जांभळा राहतो. मग दुसरा ब्रश, खायच्या सोड्याच्या पाण्यात, तो टेकवला की निळा, आणि सोडा जास्त असेल तर हिरवट. एकाच वाटीतून संध्याकाळ आणि समुद्र दोन्ही निघतात. कोबीतलं अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य आम्लात लालसर आणि अल्कलीत निळंहिरवं दिसतं, बाकी जादू वगैरे काही नाही, पण माहिती असूनही दर वेळी मी तोंडाने ‘अर्रे’ म्हणतेच. आणि लिंबू आणि सोडा कागदावर एकमेकांना भेटले की फसफसतात, त्या बुडबुड्यांच्या गोल कडा वाळल्यावर कागदावर राहतात, ते डाग तर कुठल्याच ब्रशने काढता येणार नाहीत.

हे रंग टिकत नाहीत. उजेडात ठेवलेला कागद हळूहळू मळकट होत जातो, सुरुवातीचा तो झगझगीत गुलाबी काही दिवसांनी नुसता आठवणीत. पण मला त्याचं वाईट वाटत नाही हल्ली. शिवाय उरलेला कोबी त्याच दिवशी पोटात जातो, त्यामुळे हिशोब चोख.

टिकत नाही हाच तर ह्या सगळ्याचा मुख्य कायदा. सफरचंद कापलं की त्यातलं एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनशी हातमिळवणी करून त्याला तांबूस करायला लागतं, लिंबू चोळून थोडा वेळ मिळतो, तेवढाच. पालेभाजी दिव्याच्या उष्णतेत मान टाकते. कार्ल वॉर्नर नावाचा लंडनचा फोटोग्राफर अख्खे निसर्गदेखावे अन्नाचे करतो, ब्रोकोलीची झाडं, बटाट्यांचे खडक, स्मोक्ड सामन माशाचा सूर्यास्ताने लाल झालेला समुद्र, आणि त्याला हे नाटक कळलेलं आहे, म्हणून तो पूर्ण देखावा एकदम टिपत नाही. थराथराने मांडतो आणि टिपतो, कारण मागचे डोंगर रचून होईपर्यंत पुढची कोथिंबीर कोमेजून गेलेली असणार. फोटो मग जोडून एक करतो. मशरूमकडे बघताना त्याला झाड दिसलं आणि तिथून हे सुरू झालं, आणि त्याचे फोटो बघितल्यावर मलाही ब्रोकोलीचा गड्डा हा गड्डा म्हणून दिसायचा बंद झालाय.

मेक्सिकोतल्या ओहाकामध्ये तर ह्या कोमेजण्याची स्पर्धाच असते. दरवर्षी २३ डिसेंबरला तिथे मुळ्यांची रात्र साजरी होते, १८९७ पासून. ह्यासाठीचे मुळे वेगळे पिकवतात, जमिनीत मुद्दाम जास्त दिवस ठेवतात, त्यामुळे ते वाढून वाकडेतिकडे अगडबंब होतात, खायच्या लायकीचे राहत नाहीत, पण आकार असे येतात की बघणाऱ्याला त्यात आधीच कोणीतरी दडलेलं दिसावं. बाहेर लाल साल, आत पांढरा गर, कोरलं की दोन रंग आयते. त्यातून माणसं, जनावरं, येशूजन्माचे देखावे, काय वाट्टेल ते घडवतात, आणि मग सुकू नये म्हणून सारखं पाणी शिंपडत बसतात. बघायला ही भलीमोठी रांग. थोड्या तासांचा खेळ, मग मुळा म्हातारा व्हायला लागतो. इथे माझी कसोटी जरा लंगडी पडते, कारण हे मुळे कोणी खात नाही. पण चालतंय. वेळेने खाल्ले असं म्हणू.

जे मला चालत नाही ते म्हणजे राजेलोकांचं साखरेचं प्रकरण. म्हणजे वाचायला फार मजेशीर आहे. १५७४ मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री व्हेनिसला आला तेव्हा त्याच्यासाठी एक मेजवानी झाली जिच्यात ताटं, सुऱ्या, ब्रेड सगळं साखरेचं होतं, आणि असं सांगतात की राजेसाहेबांनी हात पुसायचा रुमाल उचलला आणि तो हातात कडकन तुटला, तोही साखरेचा. इथपर्यंत मी राजाच्या बाजूने आहे, कारण ह्यात राजाचीच फजिती आहे आणि कांदा-गालासारखा घोळही आहे. पण तेव्हा युरोपात साखर म्हणजे चैनीची वस्तू, आणि असल्या मेजवान्यांमधले पुतळे आणि देवळं ही मुख्यतः आमच्याकडे उधळायला किती साखर आहे हे पाहुण्यांना दाखवण्यासाठी. पुढे फ्रान्सचा प्रसिद्ध आचारी मारी-आंत्वान करेम पॅरिसच्या ग्रंथालयात बसून जुन्या इमारतींची चित्रं अभ्यासायचा आणि पडकी देवळं, पॅगोडे, मनोरे साखरेच्या पिठात उभे करायचा. अप्रतिम असणार ते, शंकाच नाही. पण टेबलाच्या मधोमध ठेवलेला तो मनोरा बहुतेक वेळा नुसता बघायचा, पाहुण्यांनी त्याला हात लावायचा नाही. ज्या मेजवानीत सगळ्यात मोठा पदार्थ खायचाच नाही तिथे खेळ संपलेला असतो, तिथे रुबाब सुरू होतो.

त्यापेक्षा मला कॅरोलाइन ब्रुक्स जवळची वाटते. अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये शेतकऱ्याची बायको. १८६७ मध्ये त्यांचं कापसाचं पीक गेलं, हातात पैसा यावा म्हणून ती लोणी विकायची, आणि आपलं लोणी इतरांच्या लोण्यात उठून दिसावं म्हणून साच्यात घालण्याऐवजी त्याला हाताने आकार द्यायला लागली, शिंपले, प्राणी, चेहरे. पुढे तिने एका आंधळ्या राजकन्येचा झोपलेला चेहरा लोण्यात कोरला आणि १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात तसलाच लोण्याचा चेहरा लोक रांगा लावून बघत होते, काहींना विश्वास बसेना म्हणून तिने लोकांसमोर बसून लोणी घडवून दाखवलं. हत्यारं काय तर लोणी थापायचे लाकडी पळे, काड्या, केरसुणीच्या हिरांचे तुकडे आणि एक ब्रश. शिल्प दुधाच्या पसरट पातेल्यात, आणि ते पातेलं बर्फावर, बर्फ वितळला की बदलायचा. मी हे वाचून खूप वेळ त्या बर्फाचाच विचार करत होते. छिन्नी चालवणाऱ्याला हात गरम आहे का थंड ह्याची काळजी नसते, हिला स्वतःच्या बोटांच्या ऊबेशी भांडायचं होतं.

तिच्यानंतर अमेरिकेत लोण्याच्या शिल्पांची परंपराच पडली. आयोवा राज्याच्या जत्रेत १९११ पासून लोण्याची गाय असते, खऱ्या गायीएवढी. आत लाकूड आणि जाळीचा सांगाडा, त्याच्यावर सुमारे २७० किलो लोणी, थंडगार काचेच्या खोलीत. आणि ते लोणी पुढच्या वर्षी परत वापरतात, त्याच्यापुढच्या वर्षी परत, त्यामुळे एक गाय मोडून दुसरी गाय. खाल्लं नाही तरी वायाही घालवलं नाही, हे मला पटतं.

वाया घालवण्यावरून आठवलं, हा प्रश्न कधीतरी घ्यावा लागणारच. असलं काही कोणाला दाखवलं की दोन मिनिटांत वाक्य येतंच, जगात लोक उपाशी आहेत आणि हे गाजरं वाजवतायत. मी ते वाक्य उडवून लावत नाही. अन्न हे इतर सामानासारखं सामान नाही, पोलादाचा पुतळा बघून कोणाच्या पोटात कालवाकालव होत नाही, आणि अन्नाचा बघून होते, तीच तर अन्नाची ताकद आहे. फक्त ती ताकद काही लोकांनी इतकी नेमकी वापरलीये की वाया घालवणं म्हणजे नक्की काय असा उलटा प्रश्न पडतो.

ब्राझीलचा कलाकार व्हिक मुनीझ कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावर गेला होता. तिथल्या मुलांशी त्याची गट्टी जमली, आनंदी, हसरी मुलं, आणि त्यांचे आईबाप उसाच्या मळ्यांत राबून थकून गेलेले. परत आल्यावर १९९६ मध्ये त्याने त्या मुलांचे चेहरे काढले, काळ्या कागदावर, साखर भुरभुरून, आणि त्याचे फोटो घेतले. आता ह्यात साखरेऐवजी खडू घ्या, चित्र तेच राहील पण गोष्ट संपली. त्या मुलांच्या चेहऱ्यातला गोडवा कुठे जातो, मोठेपणी त्यांचं काय होतं, ते त्या दाण्यांत आहे. आणि हाच माणूस १९९९ मध्ये पीनट बटर आणि जेलीत दोन मोनालिसा काढून मोकळा होतो. मला हे आवडतं, की एकदा गंभीर झालं म्हणजे कायम गंभीरच राहायला पाहिजे असं त्याला वाटत नाही.

आणि फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस. ह्याच्याबद्दल लिहिताना मी जरा अडखळते. १९९१ मधलं काम, गॅलरीच्या कोपऱ्यात गोळ्यांचा ढीग. चकचकीत रंगीत कागदांत गुंडाळलेल्या साध्या गोळ्या, साधारण ७९ किलो. बघायला आलेल्या कोणीही एक उचलावी, खावी, कागद खिशात टाकावा. लहान मुलं तर धावत जातात. मग बाजूला लिहिलेलं वाचायचं, की हे रॉसचं पोर्ट्रेट आहे. रॉस हा त्याचा जोडीदार, एड्सने त्याच वर्षी गेला, आणि ७९ किलो हे त्याचं धडधाकट असतानाचं आदर्श वजन. म्हणजे आपण एकेक गोळी उचलतोय आणि ढीग कमी होत चाललाय, आणि आपल्या तोंडात ती अजून विरघळतेय. आणि मग म्युझियमवाले परत ढीग भरू शकतात, पुन्हा ७९ किलो. सगळी कला ‘हात लावू नका’ म्हणते आणि इथे हात लावला नाही, खाल्लं नाही, तर चित्र पुरंच होत नाही. रडू यावं असल्या गोष्टीसाठी त्याने खेळ निवडला. ह्याच्यापुढे माझी ती पुंगीची कसोटी मला फार पोरकट वाटते, पण तरी ती इथे लागूच पडते, काय करू.

खाणारा नेहमी माणूसच असतो असंही नाही. डीटर रोट नावाच्या कलाकाराने १९६८ मध्ये स्वतःचा अर्धपुतळा केला, चॉकलेट आणि पक्ष्यांचे दाणे मिसळून, आणि कल्पना अशी की तो बाहेर ठेवायचा, पक्षी येतील आणि टोचा मारून मारून साहेबांचं नाक, कान, भुवया खाऊन टाकतील. स्वतःच्या पुतळ्याबद्दल इतका निर्मळ विचार केलेला दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही. एरवी पुतळ्यावर पक्षी बसू नयेत म्हणून काय काय करतात लोक. १९७० मध्ये ह्याच रोटने लॉस एंजलिसच्या गॅलरीत ३७ सुटकेसांमध्ये चीज भरून ठेवलं, रोज एक उघडायची. व्हायचं तेच झालं, वास, अळ्या, माश्या, त्या वासात उभं राहायची माझी तयारी नाही हे मी इथूनच सांगते. पण बुरशीला त्याने सहकलाकाराचा दर्जा दिला, हे त्याचं श्रेय.

त्याचा मित्र डॅनियल स्पोएरी त्यामानाने सोज्वळ. तो जेवण झालेलं टेबल आहे तसं धरून ठेवायचा. उष्ट्या ताटल्या, अर्धे ग्लास, चुरगळलेला रुमाल, ब्रेडचे तुकडे, सिगारेटची राख, सगळं जिथल्या तिथे चिकटवायचं आणि टेबलाचा पृष्ठभाग उचलून भिंतीवर टांगायचा. १९६० पासून हे सुरू केलं, पुढे १९६८ मध्ये ड्युसेलडॉर्फला स्वतःचं रेस्टॉरंटच काढलं, आणि १९७० मध्ये त्याच्या वर गॅलरी, तिचं नावच ‘ईट आर्ट’. हे फार आधुनिक वगैरे वाटतं, पण इसवीसनाच्या आधी दुसऱ्या शतकात पेर्गामॉन ह्या प्राचीन ग्रीक शहरातल्या सोसस नावाच्या कलाकाराने अशीच न झाडलेली जमीन मोझॅकमध्ये केली होती. म्हणजे जेवणानंतर जमिनीवर पडलेला सगळा पसारा, माशाचे काटे, कोंबडीचे पाय, फळांची सालं, प्रत्येकाची सावलीसुद्धा, बारीक रंगीत दगडांत. रोममध्ये सापडलेल्या त्याच्या नकलेत तर एक उंदीर अक्रोड कुरतडतोय. जेवणाऱ्यांच्या पायाखाली खरा पसारा कुठला आणि दगडाचा कुठला हे झाडणाऱ्याला कळत असेल का, हा माझा एक कायमचा प्रश्न आहे. झाडणाऱ्याचं मत कोणी लिहून ठेवत नाही.

केळ्याबद्दलही बोलायला हवं नाहीतर कोणीतरी विचारेलच. भिंतीला चिकटपट्टीने लावलेलं केळं, मॉरिझिओ कातेलान ह्या इटालियन कलाकाराचं, मायामीत २०१९ मध्ये, किंमत १,२०,००० डॉलरपासून पुढे, तिथे एका दुसऱ्या कलाकाराने ते सोलून खाल्लं, २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ६२ लाख डॉलरला गेलं आणि घेणाऱ्यानेही खाल्लं. माझ्या कसोटीत शंभर टक्के पास, एकापेक्षा जास्त वेळा खाल्लं गेलंय. तरी मला कंटाळा येतो त्याचा. त्यातला विनोद सगळा किमतीत आहे, केळ्याकडे कोणी बघतच नाही. त्या सॉसेजच्या गालिच्यांकडे मी आजही पाच मिनिटं बघू शकते.

आणि बघायला खरं म्हणजे इतकं लांब जायलाही नको. माझी भाची ताटलीत रोज कोणीतरी तयार करते. ऑलिव्हचे डोळे, काकडीचे कान, गाजराच्या किसाचे केस, टोमॅटोच्या फोडीचं तोंड. आधी मला वाटायचं की मुलांनी भाज्या खाव्यात म्हणून मोठ्यांनी काढलेली ही युक्ती आहे, आणि आहेही, पण तिचं वेगळंच चाललेलं असतं. तिच्या खाण्याला क्रम आहे. आधी केस, मग कान, आणि डोळे एकदम शेवटी. डोळे शेवटी का, म्हणून विचारलं तर माझ्याकडे अशी बघितली की एवढं साधं कसं कळत नाही, आणि म्हणाली, मग त्याला दिसणार कसं, मी काय खातेय ते? पुढे डोळेही गेले, एकामागून एक, दुसरा डोळा तोंडात टाकायच्या आधी तिने त्याला बाय केलं. तोंड मात्र ताटलीत तसंच राहिलं, कारण टोमॅटो तिला आवडत नाही. ते मग मी खाल्लं, मीठ लावून.